अडचणीतली माणसं

ओट्याखालून दोन पाय बाहेर आलेले असतात. टाचांना वाळलेलं सिमेंट, उजव्या अंगठ्याला चिकटपट्टी. बाकीचा माणूस सिंकखालच्या कपाटात असतो. हे कपाट जेमतेम दोन फूट रुंद. त्यात कालपर्यंत फिनेलची बाटली, गेल्या दिवाळीच्या पणत्या आणि ‘लागतील कधीतरी’ म्हणून जमवलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांची पिशवी राहत होती. आज तिथे प्लंबरचं डोकं, दोन खांदे आणि एक पाइप पाना राहायला आलेत. थोड्या वेळाने आतून, विहिरीतून यावा तसा आवाज येतो, “बारक्या, बॅटरी इकडं मार.”

बारक्या म्हणजे प्लंबरचा मदतनीस. वय वीस-बावीस, मिशी फुटलेली, तरी नाव बारक्याच. तो ओट्याला टेकून उभा असतो. एका हातात मोबाइलची बॅटरी, दुसऱ्या हातात टेफ्लॉनची टेप, आणि चेहऱ्यावर लग्नाच्या पंगतीत तिसऱ्या रांगेची वाट पाहणाऱ्या माणसाचा भाव. अर्धा-पाऊण तास तो एवढंच करतो. मग प्लंबर बाहेर येतो, हात धुतो आणि मजुरी सांगतो. गंगापूर रोडचा बंगला असो की सिडकोतलं घर, नाशकातल्या घरमालकाचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. “अहो, काम तर एकानंच केलं. दोघांचे पैसे कसले?”

बारक्या यावर काही बोलत नाही. पण त्याच्या बाजूने बोलायला बरेच साक्षीदार आहेत. त्यातले काही दोन हजार वर्षांपूर्वीचे आहेत आणि एक तर चक्क कायद्याचं कलम आहे.

मराठीत अडचण ही आधी जागा असते, मग संकट. ‘कपाटामागच्या अडचणीत पडलंय’ म्हणजे वस्तू सापडेल, पण हात जाणार नाही. ‘मी अडचणीत आहे’ म्हणजे माणूस सापडेल, पण पैसे मिळणार नाहीत. अशा जागेत शिरण्यासाठी देहाच्या जेवढ्या घड्या घालता येतात, त्या सगळ्यांना आपल्याकडे नावं आहेत. माणूस वाकतो, ओणवा होतो, उकिडवा बसतो, गुडघे टेकतो, रांगतो, सरपटतो, कुशीवर होतो, उताणा पडतो, पालथा पडतो. आणि यातलं काहीच जमेना, तर अंग चोरून घेतो. इथे भाषेनेच एक गोंधळ करून ठेवलाय. जो खरोखर अंग चोरून दोन फुटांच्या कपाटात काम करतो त्याला आपण कारागीर म्हणतो, आणि जो बाहेर ऐसपैस उभा असतो त्याला अंगचोर.

जुन्या नाशकाला अडचणीचं शिक्षण वेगळं द्यावं लागत नाही. तिवंधा, मधली होळी, तांबट आळी या भागांत जे वाडे अजून तग धरून आहेत, त्यांचा मुख्य दरवाजा हत्ती जाईल एवढा आणि तो कायम बंद. ये-जा त्यातल्या छोट्या दिंडीतून. म्हणजे पाहुण्याने एकाच वेळी उंबऱ्यासाठी पाय उचलायचा आणि चौकटीसाठी मान खाली घालायची. हे दोन्ही ज्याला साधत नाही त्याचं कपाळ वर कोरलेल्या गणपतीला भेटतं. वाड्यातले जुने लोक सांगत, दार ठेंगणं ठेवलंय ते येणाऱ्याने नम्र व्हावं म्हणून. यात संरक्षणाचाही हिशेब असणार, कारण ओणव्याने आत शिरणाऱ्या माणसाला तलवार उपसता येत नाही. पण इलेक्ट्रिशियनला तलवार नसते, शिडी असते, आणि आठ फुटी शिडी घेऊन दिंडीतून शिरणाऱ्याला नम्रतेचा उपदेश ऐकायला वेळ नसतो. ‘कपाळमोक्ष’ हा शब्द ज्या कोणी घडवला, त्याचं घर वाड्यातच असलं पाहिजे.

दिंडीनंतर जिना. तो भिंतीच्या जाडीतच बसवलेला, अंधारा, एका वेळी एकच माणूस मावेल असा. धरायला कठडा नाही. वरून दोर लोंबत सोडलेला. चढताना आधी दोर, मग पाय, मग डोकं, हा क्रम घरातल्या शेंबड्या पोरालाही पाठ. दोर धरून चढायच्या जिन्याला आज कुणी ‘सुरक्षेची व्यवस्था’ म्हणणार नाही, पण तो होता तेच. अंधारात हाताला काहीतरी लागलं की पाय आपोआप शहाणे होतात.

फ्लॅटमध्ये हे सगळं गेलं, पण पोटमाळा राहिला. दिवाळीच्या आधीच्या रविवारी घराघरांत एक माणूस वर चढतो. वर छत इतकं खाली की बसलं तर मान वाकडी, आडवं झालं तर धूळ नाकात. मग तो ओणव्याने पुढे सरकत पितळी घंगाळं, पाळणा, बंद पडलेला मिक्सर आणि सासूबाईंच्या लग्नातली ट्रंक ओढू लागतो. खाली स्टूल धरून बायको. ती काय करते? घरच्यांच्या मते नुसती उभी असते. प्रत्यक्षात ती स्टूल धरते, वरून येणारी वस्तू घेते, “तो खोका नको, त्याच्यामागचा” असं सांगते, आणि पाच मिनिटं वरून काहीच आवाज आला नाही तर हाक मारते. या शेवटच्या कामाला पुढे फार महत्त्व येणार आहे.

अशा बाहेरच्या माणसांचं संमेलन पाहायचं असेल तर पंचवटीत सीतागुंफेसमोर जावं. क्रमांकाच्या पाट्या लावलेली वडाची झाडं, खेळण्यांची दुकानं आणि गुंफेची रांग. आत पायऱ्या खाली उतरतात, छत अंगावर येतं आणि काही ठिकाणी चालणं सोडून बसून सरकावं लागतं. घराबाहेर पडताना ‘मला बसायला होत नाही, खुर्ची लागते’ म्हणणाऱ्या आजीबाई इथे देवाचं नाव घेत बुडाने सरकत पुढे जातात, आणि तालमीत जाणारा नातू खांदे अडकून मध्येच थांबतो. आपलं शरीर नक्की केवढं आहे हे माणसाला आरशात कळत नाही, गुंफेत कळतं. मागून आवाज येतात, “चला पुढं.” पुढून उत्तर येतं, “कुठं?” आणि बाहेर प्रत्येक कुटुंबाचा एक सदस्य सात जोड चपला, तीन पिशव्या आणि एक झोपलेलं मूल घेऊन उभा असतो. सगळे बाहेर येईपर्यंत तो अधूनमधून गुंफेच्या तोंडाकडे बघत डोकी मोजतो. त्याला दर्शन घडत नाही, पण आत गेलेले सगळे परत आले हे नक्की माहीत असणारा त्या कुटुंबात तोच.

गावाच्या दुसऱ्या टोकाला त्रिरश्मी डोंगरात, म्हणजे पांडवलेण्यांत, याहून जुना मामला आहे. इथे २४ लेणी आहेत. ती खोदण्याची रीत घर बांधण्याच्या अगदी उलटी. घर पायापासून वर चढतं, लेणं छतापासून खाली उतरतं. म्हणजे पाथरवटाने कातळात आधी छताच्या पातळीवर एक बोगदा काढायचा, तिथलं छत तासून पूर्ण करायचं आणि मग जमीन खाली खाली नेत जायची. यात शहाणपण मोठं होतं, कारण छतासाठी परांची बांधावी लागत नाही आणि तयार झालेल्या कामावर वरून दगड पडत नाही. पण पहिल्या टप्प्यात त्या फटीत बसलेल्या, नाहीतर आडव्या झालेल्या माणसाचा विचार करावा. नाकासमोर कातळ, डोळ्यात कपची, श्वासात भुकटी.

लेणं क्रमांक १० मधल्या शिलालेखात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने दानाचा चोख हिशेब कोरून ठेवलाय. ३००० कार्षापण दान. त्यातले २००० गोवर्धनच्या विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा १ व्याजाने, आणि उरलेले १००० दुसऱ्या श्रेणीकडे पाऊण टक्क्याने. दोन हजारांच्या व्याजातून भिक्षूंच्या चीवरांचा खर्च. दोन हजार वर्षांपूर्वीचा व्याजाचा दर आज आपल्याला ठाऊक आहे. फटीत बसलेल्या पाथरवटाच्या पाठीला लावायला तेल कुणी दिलं, ते मात्र कोरलेलं नाही. त्याची सही म्हणजे भिंतीवरचे छिन्नीचे घाव. बाहेर उभ्या असलेल्या दात्याचं नाव आत कोरलं गेलं, अशी अडचणीच्या इतिहासातली ही दुर्मीळ घटना. एरवी बारक्याचं नाव कुणी पावतीवरही लिहीत नाही.

जाता जाता एक सांगायला हवं. लेणं क्रमांक २० मधला लेख म्हणतो की बोपकी नावाच्या यतीने सुरू केलेलं हे काम अनेक वर्षं अर्धवट पडलं होतं, ते महासेनापती भवगोपाची पत्नी वासू हिने पुरं केलं. नाशकातलं काम रखडतं ते सिंहस्थ कुंभमेळ्याचं असल्यामुळेच, असा ज्यांचा समज आहे त्यांनी हा लेख जरूर पाहावा. आणि रखडलेलं काम शेवटी घरच्या बाईने मार्गी लावलं, हेही.

पाठीचं मोजमाप व्हायला विसावं शतक उजाडावं लागलं. आल्फ नाकेमसन नावाच्या स्वीडिश डॉक्टरांनी माणसांच्या कण्याच्या चकतीत सुई घालून निरनिराळ्या स्थितींत तिच्यावर किती दाब येतो ते मोजलं. असल्या प्रयोगाला होकार देणाऱ्या माणसांचे आभार मानावे तेवढे थोडे. ताठ उभ्या माणसाचा दाब १०० धरला तर त्यांच्या आकड्यांत पुढे वाकून उभं राहिलं की तो १५० होतो, आणि बसून पुढे वाकलं की १८५. पुढच्या संशोधकांनी बसण्याच्या आकड्यांवर वाद घातले, पण वाकण्याच्या बाजूने कुणी साक्ष दिली नाही. उताणं झोपलं तर मात्र २५. म्हणजे सिंकखाली उताणा पडलेला प्लंबर कण्याच्या हिशेबाने घरात सगळ्यात आरामात असतो, आणि “झालं का?” म्हणत कंबरेतून वाकून आत डोकावणारा घरमालक त्याच्या सहापट ओझं सोसत असतो. चौकशा करण्याची किंमत असते ती अशी.

नाशिक जिल्ह्यातल्या कामकऱ्यांना हे आकडे माहीत नाहीत, पण उपाय माहीत आहेत. फरशी बसवणारा गडी बघावा. दिवसभर तो जमिनीला धरून. गुडघ्याखाली पायातली चप्पल. एकेक फरशी पुढे सरकते तशी चप्पलही पुढे सरकते. चपलेचा जोडीदार बुडाखाली. ‘गुडघ्याचं पॅड’ म्हणून बाजारात जे मिळतं ते हेच, फक्त त्याला पट्टा असतो आणि ते घालून चालता येतं. गुडघ्याच्या वाटीपुढे पाण्याची एक बारीक पिशवी असते. सतत टेकून बसलं की ती सुजते. इंग्रज डॉक्टरांनी या सुजेला मोलकरणीचा गुडघा असं नाव दिलं. सूज लादीवाल्यालाही येते आणि पाइपवाल्यालाही, पण नाव पडलं ते मोलकरणीच्या वाट्याला.

लासलगावकडे कांदा चाळीत बायका कांदा निवडायला बसतात तेव्हा खाली गोणपाटाची चौघडी असते. चाळीचा कप्पा जेमतेम चार फूट रुंद, दोन्ही बाजूंना कांदा, आणि सडक्या कांद्याचा तो वास, जो साडीत बसतो आणि बसमध्ये सोबत येतो. या बायका एका स्थितीत तासभरही बसत नाहीत. जरा उकिडव्या, जरा मांडी, जरा एक पाय लांब, मग उठून पाटी नेऊन ओतायची. बघणाऱ्याला वाटतं चुळबुळ चाललीय. कामाच्या जागेचा अभ्यास करणारे तज्ज्ञ मोठ्या कंपन्यांत फी घेऊन जे सांगतात ते एवढंच असतं, की चुळबुळ करा. वाकून राहिलं की कण्याचे बंध हळूहळू सैलावतात, म्हणून बराच वेळ दुमडून बसल्यावर उठल्या उठल्या जड वस्तू उचलायची नाही, मिनिटभर उभं राहायचं. कांदा निवडणारी बाई उठल्यावर कमरेवर हात ठेवून मागे झुकते आणि “आई गं” म्हणते. ते मिनिट त्या ‘आई गं’मध्ये असतं.

द्राक्षबागेत अडचण उलटी होते. निफाड, दिंडोरीकडच्या मांडवात छत म्हणजे वेली आणि काम सगळं छताला. घड विरळायचे, घड औषधात बुडवायचे, घड काढायचे. पेठ, सुरगाण्याकडून आलेल्या मजुरांची मान सकाळी वर जाते ती संध्याकाळी खाली येते. मांडव उंच माणसाला ठेंगणा आणि ठेंगण्याला उंच. त्याची उंची ठरवणारा बागायतदार मात्र बहुधा बांधावर उभा राहून फोनवर भाव विचारत असतो. उंच मजूर गुडघे किंचित मुडपून चालतो, ठेंगणी मजूर उपडा क्रेट बरोबर ठेवते. आणि दोघांनाही बागेच्या कडेला येऊन मान खाली घालून डबा खायला बसणं हाच व्यायाम.

इथवर सगळं हाडं-सांध्यांचं. अडचणीच्या जागेचा खरा शत्रू तिथे नसतो. तो हवेत असतो आणि दिसत नाही.

सांगलीजवळच्या हरिपूरला हळद साठवायची पेवं होती. २००५ च्या महापुरात त्यांचं फार नुकसान झालं. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेला, रांजणासारखा कोठा. तोंड माणूस कसाबसा उतरेल एवढं, पोट मोठं. ‘पेव फुटणं’ हा शब्दप्रयोग मराठी माणूस कोचिंग क्लासपासून कॅफेपर्यंत कशालाही वापरतो, पण पेव उघडणं ही काय चीज होती ते त्यात उतरलेल्यांनाच माहीत. बंद कोठ्यात साठवलेला माल श्वास घेत असतो. प्राणवायू संपत जातो, कार्बन डायऑक्साइड साचत जातो, आणि तो हवेपेक्षा दीडपट जड असल्याने तळाशी बसून वाट बघतो. म्हणून तोंड उघडलं की लगेच उतरायचं नाही, वारं लागू द्यायचं. मग दोराने कंदील सोडायचा. विझला तर परत थांबायचं.

कंदिलाची ही परीक्षा घरोघरच्या आजोबांना माहीत असते आणि अर्धीच माहीत असते. कंदील विझला तर उतरू नये, हे शंभर टक्के खरं. कंदील जळत राहिला तर उतरावं, हे खरं नाही. हवेत ४-५ टक्के कार्बन डायऑक्साइड असला की माणूस धापा टाकू लागतो, डोकं जड होतं. ज्योत मात्र त्याच हवेत निवांत जळत असते. आणि जिथे पेट्रोलची वाफ किंवा गटाराचा वायू असेल तिथे कंदील सोडणं म्हणजे परीक्षेतच भडका. आता यासाठी मुठीएवढं वायू मोजायचं यंत्र मिळतं. ते दोराला बांधून आधी आत सोडायचं. ते किंचाळलं तर आपण किंचाळायची वेळ येत नाही.

नाशिकला ‘वाइनची राजधानी’ म्हणवून घ्यायला आवडतं, तर त्या राजधानीचाही हा प्रश्न आहे. एक लिटर द्राक्षरस आंबताना सुमारे ५० लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. टाकी हजारो लिटरची. रस काढून घेतल्यावर तळाशी सालं-बियांचा चोथा राहतो, खालच्या छोट्या दारातून तो बाहेर ओढावा लागतो, टाकी धुवावी लागते. पर्यटक बाहेर पेला फिरवून वास घेत ‘पेरूचा भास होतोय’ म्हणत असतात. टाकीच्या दाराशी उभ्या असलेल्या माणसाला कसलाच भास होऊन चालत नाही, कारण या वायूला वास नसतो. आधी पंखा लावून हवा खेळवायची, मोजायची, शक्यतो बाहेरूनच लांब दांड्याने चोथा ओढायचा, आणि शिरावंच लागलं तर बाहेर कुणीतरी हवं.

इथे बारक्याचा शेवटचा साक्षीदार उभा राहतो. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम ३६ ने टाकी, खड्डा, नळकांडं अशा कोंदट जागेत माणूस कधी उतरवायचा याच्या अटी घातल्या. एकतर आतल्या हवेची चाचणी घेऊन जाणकाराने लेखी दाखला द्यायचा. नाहीतर उतरणाऱ्याच्या तोंडावर श्वसनयंत्र हवं, कमरेला पट्टा हवा, पट्ट्याला दोर हवा, आणि त्या दोराचं मोकळं टोक बाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात हवं. कायद्याला बाकीच्या सगळ्या कामांतून या एका माणसाला मोकळं ठेवावंसं वाटलं. त्याने फक्त दोर धरायचा. पुढच्याच कलम ३६-अ ने अशा जागेत नेण्याच्या हातदिव्याची वीज २४ व्होल्टपुरती मर्यादित केली. त्याहून जास्त हवी तर पुरेशी सुरक्षासाधनं लागत. ओल्या, लोखंडी, चिंचोळ्या जागेत घामाने चिंब माणूस २३० व्होल्टचा बल्ब वायरने लोंबवत नेतो तेव्हा तो स्वतःच वायर झालेला असतो. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत टाकीत बसून वेल्डिंग करणाऱ्या कुठल्याही जुन्या कारागिराला हे कलम क्रमांकाशिवाय पाठ असतं.

दोर धरणाऱ्याला आणखी एक काम असतं, आणि ते सगळ्यात अवघड. आतला माणूस कोसळला तर आपण आत उडी मारायची नाही. दोर ओढायचा, माणसं बोलवायची, पण उतरायचं नाही. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संशोधन संस्थेने १९८६ साली कोंदट जागांतल्या मृत्यूंचा हिशेब मांडला, तेव्हा ६० टक्क्यांहून जास्त बळी आतल्याला वाचवायला म्हणून उतरलेल्यांचे निघाले. आपल्याकडे विहिरीत इंजिन सोडून पाणी उपसताना धुराने एक जण पडतो आणि त्याच्यामागे भाऊ उतरतो, भावामागे शेजारी. बातमीत मग एकाच आडनावाची तीन नावं येतात.

गटाराबद्दल विनोद होत नाही. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास येतो, पण प्रमाण वाढलं की नाकाची वास घेण्याची ताकदच बंद पडते. वास थांबला म्हणजे वायू गेला असं माणसाला वाटतं, आणि गेलेलं असतं नाक. २०१३ च्या कायद्याने संरक्षणाच्या साधनांविना माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवणं हा गुन्हा ठरवला. सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूसाठी २०१४ मध्ये १० लाखांची आणि २०२३ मध्ये ३० लाखांची भरपाई ठरवली. रक्कम ठरवावी लागते, ती वाढवावी लागते, यातच सगळं आलं.

अडचणीची जागा विमानाच्या पोटातही असते. नाशिकजवळ ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात साठच्या दशकापासून मिग विमानं घडली. मिग-२१ म्हणजे मुळात इंजिनाभोवती गुंडाळलेली एक नळी. पंखांची रुंदी सव्वासात मीटरही नाही. वैमानिकाला त्यात बसायला जागा कमी, पण वैमानिक निदान एकाच ठिकाणी बसतो. विमान जोडणाऱ्याला आणि दुरुस्त करणाऱ्याला नळीच्या सगळ्या कोपऱ्यांत हात घालावा लागतो, तोही बहुतेक वेळा न दिसता, बोटांच्या टोकांना डोळे फुटल्यासारखा. २६ सप्टेंबर २०२५ रोजी हे विमान हवाई दलातून निवृत्त झालं. त्याच्या पोटात हात घालून घालून ज्यांचे खांदे निवृत्त झाले ते आधीच घरी आले होते.

विमानाच्या कामात एक शिस्त असते, ती प्रत्येक घरात यावी अशी आहे. हत्यारांच्या फळीवर प्रत्येक पान्याची, प्रत्येक पेचकसाची आकृती रंगवलेली किंवा कापलेली असते. काम संपलं की हत्यार आपापल्या आकृतीवर परत. एक जरी आकृती रिकामी दिसली तरी विमान उडत नाही, तो पाना सापडेपर्यंत शोध. इंजिनात राहिलेला दहा नंबरचा पाना आकाशात काय करेल ते सांगता येत नाही. घरगुती दुरुस्तीत ही फळी नसल्याने मागच्या प्लंबरचा पाना पुढच्या प्लंबरला सापडतो आणि दोघांच्या मालकीचा वाद घरमालक मिटवतो, पाना स्वतःकडे ठेवून.

ओट्याखालचे पाय एव्हाना हललेले असतात. आधी टाचा, मग गुडघे, मग बनियनला लागलेला काळा चिखल, शेवटी डोकं. प्लंबर उठून बसतो, लगेच उभा राहत नाही, मिनिटभर कपाटाला टेकून डोळे मिटतो. “वॉशर गेला होता. बाकी बॉटल ट्रॅप चांगलाय.” बारक्या फडकं पुढे करतो, खाली पडलेली हत्यारं बोटाने मोजून पिशवीत टाकतो. घरमालकीण काकू दोन कप चहा आणतात. काका दोघांच्या मजुरीवर घासाघीस करतात, पन्नास रुपये कमी करून घेतात आणि दार लावतात.

पंधरा मिनिटांनी काकांना आठवतं की बॉटल ट्रॅप ‘नीट बघायला’ ते जे वाकले होते, तेव्हा कपाळावरचा चष्मा आत कुठेतरी पडला. ते गुडघे टेकतात, डोकं आत घालतात, एक खांदा आत जातो, दुसरा कपाटाच्या चौकटीला अडतो. पुढे होत नाही, मागे येत नाही. फिनेलची बाटली कलंडते.

“अगं,” आतून आवाज येतो, विहिरीतून यावा तसा, “जरा बॅटरी धर.”

काकू हात पुसत येतात, त्यांच्या पायांकडे बघतात. “धरते,” त्या म्हणतात, “आधी पन्नास रुपये काढा.”